रेव्हरंड डॉक्टर जॉन विल्सन आणि मंडळीचा हक्क

अलिबाग, पेण, रोहे, मुरूड, श्रीवर्धन या बाजूस राहणाऱ्या आमच्या वाचकांस मंडळीच्या निवडणुकीचा विषय नवा नाही. ठरलेली मुदत भरली म्हणजे मंडळीची साधारण सभा भरते. पाळकसाहेब प्रार्थनेने आरंभ करितात, नावे सुचविली जातात, त्यांस अनुमोदन मिळते आणि मते मोजून पुढील पास्टोरेट कमिटी नेमिली जाते. शेतकरी, शिक्षक, परिचारिका, दुकानदार असे पाळकपणाची दीक्षा न झालेले साधे सभासद त्या कमिटीत बसून मंडळीचा जमाखर्च, मंदिराची डागडुजी, गोरगरिबांस साहाय्य आणि शुभवर्तमानाचे कार्य यांचा विचार करितात. हा हक्क आपल्या अंगवळणी पडला आहे. आणि जे अंगवळणी पडते त्याचे मोल मनुष्य विसरतो. यास्तव ज्यांनी याच हक्काकरिता आपल्या हातची मोठी वस्तू सोडून दिली, त्या रे. डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. चौपाटीवरील विल्सन कॉलेजामुळे त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील ही बाजू आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फारशी कोणी सांगत नाही.

विल्सन साहेबांचा जन्म स्कॉटलंड देशाच्या दक्षिण भागी लॉडर या लहानशा गावी ११ डिसेंबर १८०४ रोजी झाला. त्यांचे घराणे शेतकऱ्यांतले. वडील अँड्र्यू विल्सन हे चाळीसहून अधिक वर्षे गावच्या नगरसभेचे सभासद होते. म्हणजे दहा जणांचे काम दहा जणांनी बसून कसे करावे, हे त्या मुलाने घरीच पाहिले होते. चौदाव्या वर्षी ते एडिंबरोच्या विद्यापीठात गेले. तेथे भाषा व ईश्वरज्ञान यांचा अभ्यास करीत असता परदेशी शुभवर्तमान नेण्याची इच्छा त्यांच्या मनात दृढ झाली. १८२८ साली त्यांची दीक्षा झाली, त्याच साली मार्गारेट बेन या सुशील व विदुषी बाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि १८२९ च्या फेब्रुवारी महिन्यात ते उभयता मुंबई बंदरी उतरले.

मुंबईस येताच भाषा शिकण्याकरिता त्यांस कोकणात जावे लागले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ साली आपले पहिले ठाणे सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटास घातले होते, व तेथून जवळच हर्णै येथेही मिशनरी राहत असत. मुंबईहून गलबत दक्षिणेस निघाले म्हणजे थळ, अलिबाग, चौल, रेवदंडा, जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन ही आपली सारी गावे डाव्या हातास एकामागून एक लागतात. त्या काळी अलिबागेस आंग्र्यांचा अंमल होता. मुरुडाकडून सावित्रीच्या उत्तर तीरापर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीचे राज्य होते. आणि पलीकडच्या तीरावर बाणकोटच्या किल्ल्यात इंग्रजांचे निशाण होते. या किनाऱ्याच्या वाऱ्यात विल्सन साहेबांनी मराठीचे पहिले धडे घेतले. त्यांची मेहनत अशी की, काही महिन्यांतच ते मराठीत उपदेश करू लागले, आणि वर्ष संपण्यापूर्वी मुंबईस परतून त्यांनी तेथे कायमचे बिऱ्हाड केले.

आपल्या किनाऱ्याशी त्यांचा आणखीही एक संबंध आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल लोकांस वाचक ओळखतातच. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले अशी त्यांची परंपरा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथाच्या दिवशी तो बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली आहेत. या लोकांविषयी विल्सन साहेबांस फार आस्था वाटे. त्यांच्याकरिता त्यांनी इब्री भाषेचे एक व्याकरण मराठीत रचून १८३२ साली छापविले. यांतील बहुतेक लोक आपल्या पूर्वजांच्याच धर्मात राहिले. तथापि मिशनच्या शाळांतून त्यांनी विद्या घेतली व तिचा चांगला उपयोग केला.

या लोकांची एक रीत येथे सांगण्याजोगी आहे. गावोगाव त्यांचा एक मुकादम असे व त्याच्या साह्यास चौगुले असत. जातीतील तंटे, लग्नकार्ये व इतर प्रश्न हे वडीलधारे लोक एकत्र बसून उलगडीत. शास्त्रात इस्राएलाचे वडील नगराच्या वेशीत बसून न्याय करीत असे आपण वाचितो, त्याची आठवण येथे सहज होते. आणि विल्सन साहेब ज्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे होते, तिचे नावही वडील या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. त्या पंथात पाळक एकटाच मंडळीचा कारभार पाहत नाही. मंडळीतील विश्वासू व अनुभवी सभासद वडील म्हणून नेमिले जातात. त्यांची पाळकासह सभा होते. अशा अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील मिळून प्रेस्बिटरी होते. आणि सर्वांच्या वर वर्षातून एकदा साधारण सभा भरते. तीतही पाळकांच्या शेजारी दीक्षा नसलेला वडील बसतो व त्याच्या मताचे वजन पाळकाच्या मताइतकेच असते.

या रीतीस अनुसरून १८३१ साली विल्सन साहेबांनी मुंबईत एतद्देशीय मंडळी स्थापिली. तिचे सभासद किती होते? अवघे आठ. आमच्या किनाऱ्यावरील कित्येक मंडळ्या आपली संख्या पाहून खिन्न होतात व एवढ्याशा लोकांत कमिटी ती काय नेमावयाची, असे म्हणतात. त्यांनी हा आठाचा आकडा ध्यानात ठेवावा. आठ माणसे जमली तेव्हा विल्सन साहेबांनी त्यांस केवळ मिशनरीच्या घरचे आश्रित असे न समजता मंडळी असे समजून तिची व्यवस्था लाविली. लहान मूल पहिल्या दिवसापासून माणूसच असते. तसेच हे होय.

पुढील वर्षांत त्यांच्या हातून जी कामे झाली, त्यांचा विस्तार येथे करीत नाही. १८३२ साली त्यांनी जी इंग्रजी शाळा काढिली, तीच वाढून पुढे विल्सन कॉलेज झाले. मार्गारेट बाईंनी मुंबईतील मुलींकरिता शाळा काढिल्या आणि त्या कामात झिजून १८३५ च्या एप्रिलात त्या प्रभूत निजल्या. मागे लहान लेकरे आणि पुढे डोंगराएवढे काम, अशा स्थितीत विल्सन साहेब आपल्या ठाण्यावर टिकून राहिले. १८३९ साली धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोघा पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा शहरात मोठे वादळ उठले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि शाळेतील मुले भराभर काढून घेण्यात आली. तथापि शाळा बुडाली नाही. याप्रमाणे बारा-चौदा वर्षे खपून शाळेस चांगले दिवस आले आणि तिच्याकरिता नवी इमारत उभी राहिली. इतक्यात ज्या प्रसंगाकरिता आम्ही हे चरित्र सांगत आहो, तो प्रसंग आला.

तो समजण्याकरिता वाचकांस थोडा वेळ स्कॉटलंडात नेले पाहिजे. तेथील मंडळी सरकारमान्य होती. पाळकांस वेतन, घर व मंदिर हे सर्व कायद्याने मिळत असे. परंतु १७१२ च्या एका कायद्याने पुष्कळ गावी पाळक कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार तेथील जमीनदाराकडे अथवा राजाकडे गेला होता. जमीनदार एखादे वेळी मंडळीच्या उपासनेसही येत नसे. तरी तो ज्याचे नाव देई, तोच त्या गावचा पाळक व्हावयाचा. याविषयी लोकांच्या मनात शंभर वर्षे असंतोष धुमसत होता. शेवटी १८३४ साली मंडळीच्या साधारण सभेने असा नियम केला की, एखाद्या मंडळीतील बहुतेक कुटुंबप्रमुखांनी नापसंती दर्शविली, तर तो मनुष्य तेथे पाळक म्हणून नेमिला जाऊ नये.

त्याच साली ऑक्टरआर्डर या गावी परीक्षा झाली. तेथील सरदाराने एका उमेदवाराचे नाव दिले. त्याच्या बोलावण्यावर गावातील दोनच सभासदांनी सह्या केल्या. उलट ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नको म्हणून कळविले. साध्या व्यवहाराने पाहिले तर गोष्ट येथेच संपावयाची. परंतु प्रकरण न्यायालयात गेले, आणि १८३९ साली लंडनच्या सर्वश्रेष्ठ न्यायसभेने असा निकाल दिला की, जमीनदाराचा हक्क कायद्याचा आहे, मंडळीच्या नापसंतीस त्यापुढे किंमत नाही. मार्नॉक नावाच्या दुसऱ्या गावी तर एका सराईवाल्याखेरीज कोणीही सही केली नसता १८४१ साली पाळक लादण्यात आला. तेव्हा तेथील लोक आपापली पवित्र शास्त्रे उचलून, हिवाळ्याच्या बर्फातून, वाडवडिलांच्या मंदिराबाहेर निघून गेले.

आता दोनच मार्ग उरले होते. कायद्यापुढे मान तुकवून वेतन, घर व मंदिर राखावे. किंवा मंडळीचा धनी ख्रिस्त आहे, जमीनदार नव्हे, असे म्हणून हे सर्व सोडून द्यावे. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे साधारण सभा भरली असता सभेचे अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी लेखी निषेध वाचून दाखविला, तो मेजावर ठेविला, आणि ते दाराबाहेर पडले. त्यांच्या मागून पाळक व वडील यांची मोठी रांग निघाली. सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी आपल्या जागांचे राजीनामे लिहून दिले. त्या दिवशी सायंकाळी आपली बायकामुले कोणत्या छपराखाली ठेवावी हेही त्यांतील पुष्कळांस ठाऊक नव्हते. या लोकांनी जी मंडळी स्थापिली तिचे नाव स्वतंत्र मंडळी. मागे राहिलेल्यांतही सात्त्विक माणसे होती व ती आपल्या विवेकास अनुसरून राहिली. त्यांची निंदा करण्याचे आम्हांस कारण नाही.

ही वार्ता हिंदुस्थानात येऊन पोचली तेव्हा येथील स्कॉटिश मिशनऱ्यांस निवड करावी लागली. त्यांस कोणी जमीनदाराने नेमिले नव्हते, की त्यांच्या मंडळ्यांवर कोणी पाळक लादला नव्हता. हा तंटा सात समुद्रांपलीकडील आहे असे म्हणून ते स्वस्थ राहते, तर कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील त्या मिशनचे सर्व मिशनरी स्वतंत्र मंडळीस मिळाले. मुंबईत नेस्बिट व मरे मिचेल हे होते. विल्सन साहेब त्या वर्षाच्या आरंभी धनजीभाईंस बरोबर घेऊन मिसर व पवित्र भूमी यांच्या मार्गे स्वदेशी जावयास निघाले होते. त्याच वर्षी स्कॉटलंडात पोहोचून त्यांनीही आपले नाव स्वतंत्र मंडळीत घातले. या निवडीचा पहिला परिणाम असा झाला की, मुंबईतील शाळेची ती नवी इमारत जुन्या मंडळीच्या मालकीची म्हणून तिच्या स्वाधीन करावी लागली. स्वतंत्र मंडळीजवळ आपल्याच देशातील पाळकांस पोसावयास पैका अपुरा, मग परदेशी मिशनला वेतन कोठून मिळेल, याचीही खात्री नव्हती. तरी किल्ल्या देऊन टाकण्यात आल्या व काम दुसऱ्या जागेत पुन्हा सुरू झाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. शाळेकरिता पै पै जमवून भिंती उभ्या करणे काय असते, हे तुम्हांस ठाऊक आहे. ज्या इमारतीकडे इतकी वर्षे डोळे लावून बसावे, ती एका तत्त्वाकरिता दुसऱ्याच्या हाती द्यावयाची. आणि ते तत्त्व तरी कोणते? दूरच्या खेड्यातील शेतकऱ्यास, विणकऱ्यास व मेंढपाळास आपल्या मंडळीच्या कारभारात बोलता यावे, इतकेच. विद्वान मिशनऱ्यांनी व थोर पाळकांनी स्वतःच्या मानाकरिता हे केले नाही. साध्या सभासदांच्या आवाजाकरिता केले.

१८४७ साली विल्सन साहेब परत मुंबईस आले. धनजीभाईंची दीक्षा स्कॉटलंडातच १८४६ साली झाली होती. पुढे १८५४ साली नारायण शेषाद्री हेही दीक्षित पाळक झाले. स्वतंत्र मंडळीत वडिलांची निवड सभासदांच्या मताने होण्याची रीत पडली. हिंदुस्थानातील मंडळ्यांचा पैसा पुष्कळ वर्षे परदेशातून येत राहिला, व जेथून पैसा येतो तेथे अधिकारही ओढला जातो. म्हणून स्वराज्याची ही रीत आपल्याकडे पूर्णपणे रुजण्यास फार काळ लागला, हेही सांगितले पाहिजे. परंतु बीज पडले होते. विल्सन साहेबांचा मान वाढतच गेला. १८६८ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, व १८७० साली ते ज्या मंडळीकरिता झिजले तिच्याच साधारण सभेचे अध्यक्ष निवडले गेले. १८७४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूपूर्वी एक वर्ष, जमीनदाराने पाळक नेमण्याचा तो जुना कायदा लंडनच्या पार्लमेंटाने रद्द केला. ज्या हक्कासाठी ४७४ पाळकांनी घरे सोडिली, तो त्यांस विरोध करणाऱ्या मंडळीसही मिळाला. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबई येथे विल्सन साहेबांनी देह ठेविला. या देशात त्यांनी सेहेचाळीस वर्षे घालविली होती, त्यांत स्वदेशी फक्त दोनदा जाऊन आले.

आता कोणी म्हणेल की, आपण तर बिशपांच्या मंडळीत आहो. प्रेस्बिटेरियनांची ही कथा आपणांस कशाला? त्याचे उत्तर असे की, आपल्या मंडळीत दोन प्रवाह येऊन मिळाले आहेत. मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार हे १८३७ साली नेमिले गेले. ती नेमणूक इंग्लंडच्या राजसत्तेने केली. त्यांच्या निवडीत येथील एकाही ख्रिस्ती मनुष्याचे मत घेतलेले नव्हते. १९३० साली ती मंडळी इंग्लंडच्या राज्यसत्तेपासून मोकळी झाली आणि तिच्या कारभारसभांत बिशप, पाळक व सामान्य सभासद असे तिघेही बसू लागले. इकडे विल्सन साहेबांच्या परंपरेतील मंडळ्या १९०४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या द्वारे, व अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यांच्याबरोबर, १९२४ साली उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एक झाल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. एकाने बिशप आणिले, दुसऱ्याने वडील आणिले. म्हणून आज आपल्या पास्टोरेट कमिटीत पाळक अध्यक्ष असतात, आणि त्यांच्या भोवती तुम्ही निवडून दिलेले बंधू व भगिनी बसतात.

हे सर्व लक्षात घेऊन आम्ही आमच्या वाचकांस दोन गोष्टी विनवितो.

पहिली, जे योग्य आहेत त्यांनी मागे राहू नये. आम्ही अडाणी, आम्हांस हिशेब कळत नाही, आमचे कोण ऐकतो, असे म्हणून पुष्कळ भक्तिमान माणसे नाव देत नाहीत. आणि मग ज्यांस पुढेपुढे करण्याची हौस आहे त्यांच्याच हाती कारभार जातो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात जे सात जण निवडले गेले, ते विधवांच्या पंगतीची व्यवस्था पाहण्याकरिता. ते काम लहान मानिले गेले नाही. मंडळीने निवडले आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेविले. प्रामाणिकपणे दानपेटी मोजणे, आजाऱ्याच्या घरी जाणे, उपदेशकाच्या अडचणी कमिटीपुढे मांडणे, यांस पदवी लागत नाही. आपल्यात पाचामुखी परमेश्वर असे म्हणतात. पण ती पाच मुखे प्रार्थना करणारी असली पाहिजेत.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. कोकण किनाऱ्यावरील जमिनीस आज सोन्याचा भाव आला आहे. पूर्वी मिशनने शाळेकरिता, मंदिराकरिता अथवा दफनभूमीकरिता घेतलेल्या जागांकडे अनेकांचे डोळे लागतात. अशा वेळी कमिटीत जागा मिळविण्याकरिता घरोघर फिरणे, भावकी भावकीचे तट पाडणे, मतांकरिता वचने देणे, एकमेकांवर फिर्यादी करणे, हे जेथे घडते तेथे पुढील पिढी मंदिराकडे पाठ फिरविते. विल्सन साहेबांच्या सोबत्यांनी मंडळीचा हक्क राखण्याकरिता इमारत सोडिली. आपण इमारत बळकाविण्याकरिता मंडळीचा हक्क वापरू, तर त्यांच्या कष्टांचे फळ आपल्याच हातांनी मातीत घालू. उमेदवाराने नाव देण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या मंडळीजवळ एक वीतही जमीन नसती, आणि सभासद अवघे आठच असते, तरी मी या कामाकरिता उभा राहिलो असतो काय? मत देणाऱ्यानेही चिठ्ठीवर नाव लिहिताना उमेदवाराविषयी हाच प्रश्न मनात आणावा.

ज्या प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तो आपल्या मंडळ्यांस सेवेकरिता पुढे येणारी माणसे देवो, आणि त्यांस ओळखण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना आहे.